अर्धलीची कोंबडी

केशरबाईने कोंबडीचे दोन्ही पाय सुतळीने बांधले, तिला टोपलीत बसवलं, वरून जुनं लुगडं झाकलं आणि मान बाहेर निघेल एवढं भोक लुगड्याला पाडलं. भोक पाडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की लुगडं जुनं नव्हतं.

*

मुंगूस दिवसा हिंडतं. लोक कोंबड्या रात्री डालग्याखाली झाकतात आणि सकाळी निर्धास्त मोकळ्या सोडतात.

*

सेलूच्या मोंढ्यात हर्राशी चालू असताना जुना व्यापारी फारसं बोलत नाही. धान्याच्या ढिगाशी उभा राहून तो इकडंतिकडं बघतो, पावसाची चौकशी करतो, आणि भाव पुकारला गेला की उजव्या हाताचं पहिलं बोट वर करतो. बोट वर गेलं की भाव एक रुपयाने चढला. बसवंतरावांचं बोट तीस वर्षं असं वर जात होतं. झोपेतही जातं, असं त्यांची बायको महादेवी सांगे.

*

महादेवीच्या घरात नोव्हेंबर महिना नसे. खताच्या कंपनीचं कॅलेंडर दर वर्षी तीच बारा चित्रं घेऊन येई, आणि अकरावं चित्र पांढऱ्या कोंबडीचं असे. लिंगायताच्या घरात, देवघराच्या समोरच्या भिंतीवर, कोंबडी. दिवाळीच्या सुमाराला महादेवी दोन पानं एकदम उलटी. नोव्हेंबरातले दुधाचे खाडे ती डिसेंबरावर लिही.

*

स्टेशनरोडवरच्या चष्म्याच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या खणात, एक कागदी पिशवी होती. वर लिहिलेलं: केशरबाई, वय ५८, जवळचा, काळी फ्रेम. साठ रुपये.

*

चर्चच्या मागच्या भिंतीवर डांबराने लिहिलेली नामांतराची घोषणा होती. दर सणाला भिंतीला चुना बसे. पाळकसाहेब सिताराम स्वतः ब्रश घेत, अक्षरांच्या कडेकडेने फिरवत आणि मधे जात नसत. आठ वर्षांत चुन्याचे थर चढून अक्षरं भिंतीत कोरल्यासारखी दिसू लागली होती.

* * *

१९८६ सालचा हंगामाचा सण. रेल्वे फाटकापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीत चौदा घरं होती, आणि चौदाही घरांतून काही ना काही आलं होतं. ज्वारीची कणसं, भोपळे, मुगाची एक पायली, कोणीतरी गावाहून आणलेला उसाचा भारा, आणि लुगड्याच्या भोकातून मान काढून बसलेली केशरबाईची लाल कोंबडी. उपासना चालू असताना ती वेदीपुढे दोनदा ओरडली. दोन्ही वेळा पाळकसाहेबांनी थांबून तिचं होऊ दिलं.

पाळकसाहेबांचा संदेश दोन भागांत होता. पहिला भाग असा, की देव दिलेला शब्द मोडत नाही. पाऊस चुकतो, मनमाडची गाडी चुकते, मंत्री तर चुकतोच; सकाळ आजवर चुकलेली नाही. दुसरा भाग असा, की आपल्याजवळ जे आहे ते आपलं नाही, राखायला दिलेलं आहे. राखणाऱ्याने होतं तेवढंच परत केलं, तर त्याने नुसती राखण केली. वाढवून परत केलं, तर तो विश्वासू.

केशरबाई हे पुढच्या सतरंजीवर बसून ऐकत होती. गाण्याचं पुस्तक तिने हात लांब करकरून धरलं होतं. तिचा हात आणखी थोडा लांब असता तर तिला वाचता आलं असतं. गाणी तिला पाठ होती, पण पुस्तकाशिवाय गाणं तिला बरं दिसत नसे.

नंतर अंगणात हर्राशी. पैसा चर्चचा, यंदा तो ओसरीवर पत्रे टाकायला हवा होता, कारण श्रावणात उपासना चालू असताना बाहेर काढलेल्या नऊ जोड चपला वाहत फाटकापर्यंत गेल्या होत्या. पुकारा करायला भुजंग उभा राहिला. तो रेल्वेत गँगमन होता आणि त्याचा आवाज दोन खांबांपलीकडे जाई.

या हर्राशीला एक रीत होती. गरिबाने आपलं जनावर देवाला दिलं, की पहिली बोली त्यानेच लावायची आणि बाकीच्यांनी आभाळाकडे बघायचं. पाच रुपयांत जनावर घरी परत. देवाला दिलं हेही खरं, घरी आलं हेही खरं.

केशरबाईला ही रीत माहीत होती म्हणूनच तिने कोंबडी आणली होती. मोंढ्यात सांडलेलं धान्य चाळायचं आणि अंडी विकायची, एवढ्यावर तिचं एकटीचं घर चालत होतं. उन्हाळ्यात मानमोडीचा रोग आला आणि बारा कोंबड्यांपैकी अकरा गेल्या. ही राहिली. पदराच्या गाठीत त्रेचाळीस रुपये होते, चष्म्यासाठी साठवलेले. त्यातले पाच आज मोडायचे, एवढीच तिची तयारी होती.

पण यंदा एक पाहुणा होता.

बसवंतरावांनी सणासाठी आपली ताडपत्री आणि तराजू दिला होता, म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना बोलावून एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं होतं. त्यांच्यासाठी चहा स्टेशनवरच्या हॉटेलातून काचेच्या ग्लासात मागवला होता. तसं करा असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि असं का, हेही कोणी विचारलं नव्हतं. बसवंतराव चहा घेत पाळकसाहेबांशी पत्र्यांबद्दल बोलत होते.

"लाल कोंबडी," भुजंग ओरडला. "रोज अंडं देणार. बोला."

"पाच," केशरबाई म्हणाली.

वस्तीने आभाळाकडे बघितलं.

"पाच रुपये एक. पाच रुपये…"

"पत्रा घ्यायचा तर जाड घ्या," बसवंतराव पाळकसाहेबांना म्हणत होते. "पातळ पत्रा पहिल्या वावटळीत उडून मानवत गावाला जातो." आणि त्यांचं बोट वर गेलं.

भुजंगने बोटाकडे बघितलं, मग केशरबाईकडे. "सहा," तो जरा हळू म्हणाला.

"सात," केशरबाई म्हणाली.

"खिळ्याला रबराची चकती लावायची. न लावता खिळा मारला की गळती सुरू." बोट वर गेलं.

"आठ."

"नऊ," केशरबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला.

बसवंतरावांची पाठ तिच्याकडे होती. पत्रे, पन्हळ, पन्हळीचा उतार, असं बोलणं पुढे जात राहिलं, आणि आकडा पुकारला जाऊन क्षणभर शांतता झाली की बोट वर जात राहिलं. पाळकसाहेबांना बोट दिसत होतं. पण पत्र्यांबद्दल एवढं मनापासून बोलणाऱ्या माणसाला मधेच थांबवावं कसं, हे त्यांना सुचेना. आकडा तीसच्या पुढे गेला. आभाळाकडे बघणारी माणसं आता कोंबडीकडे बघू लागली, की हिच्यात आपल्याला न दिसलेलं असं काय आहे.

"त्रेचाळीस," केशरबाई म्हणाली आणि पदराची गाठ मुठीत धरली.

बोट वर गेलं.

"चव्वेचाळीस," भुजंग म्हणाला. गाठीत त्रेचाळीसच होते. भुजंगने जमेल तेवढा वेळ लावला. एकदा खोकलासुद्धा. "चव्वेचाळीस एक… चव्वेचाळीस दोन… आता काय करता… चव्वेचाळीस तीन. अप्पा, माल तुमचा."

"कोणता माल?" बसवंतराव वळून म्हणाले.

भुजंगने कोंबडी पायाला धरून त्यांच्या नाकासमोर उलटी टांगली.

बसवंतरावांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. मठाच्या पंचकमिटीतला माणूस, गळ्यात लिंग, आणि समोर पंख फडफडवणारी कोंबडी. पण मोंढ्यातल्या माणसाचा डोळा मालावर गेल्यावाचून राहत नाही. डाव्या पायाचं मधलं बोट बाहेरच्या बाजूला वाकडं होतं.

"मालात खोट हाय की," ते म्हणाले. हसावं म्हणून म्हणाले होते. कोणी हसलं नाही, म्हणून त्यांनी खाली बघितलं आणि पाळकसाहेबांना विचारलं, "झालं काय नेमकं?"

पाळकसाहेबांनी कानाशी लागून रीत सांगितली. बसवंतरावांचे कान लाल झाले.

"केशरबाई, घे तुझी कोंबडी. मला काय करायची? घरी नेली तर मीच बाहेर राहीन."

"तुमी बोली जिंकली, अप्पा," केशरबाई म्हणाली. "देवापुढं झालेली हर्राशी हाय. फुकट कशी घिऊ?"

"मग पाचाला घे."

"चव्वेचाळीसची वस्तू पाचाला? आन् वरचे एकोणचाळीस देवाचे बुडवू?"

बसवंतरावांनी खिशात हात घातला आणि एकशे एक रुपये काढून ताटात ठेवले. चव्वेचाळीस हा आकडा त्यांना आता नकोसा झाला होता. तरी कोंबडी भुजंगच्या हातात तशीच उलटी राहिली.

वाट भुजंगनेच काढली. "अर्धलीनं देऊन टाका की, अप्पा. शेरडं देतेत तशी. कोंबडी तुमची, संभाळ हिचा. पिल्लं होतील ती निम्मी तुमची, निम्मी हिची. अंडी तेवढी संभाळणारीची."

"आणि मेली तर?" पाळकसाहेबांनी विचारलं. ते कागदपत्रांचे माणूस होते.

"मेली तर मालकाची मेली. संभाळणाऱ्याच्या अंगावर काय न्हाई. अर्धलीचा कायदाच हाय तसा."

"मेली तर माझी मेली," बसवंतराव घाईने म्हणाले. मरण्याची शक्यता ऐकून त्यांचा चेहरा जरा उजळला होता. "सगळ्यांसमोर सांगतो. घिऊन जा."

केशरबाईने कोंबडी सरळ केली, पायाची सुतळी सोडली आणि काखेत धरली. घरी जाताना ती तिला जपून धरून चालली होती. दुसऱ्याची होती.

* * *

सोमवार.

"अप्पा, अंडं घातलं."

बसवंतराव गादीवर बसून मुगाचा नमुना तळहातावर घोळवत होते. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. केशरबाई खांद्यावर चाळणी घेऊन पायरीशी उभी होती.

"बरं," ते म्हणाले.

"सांगाव म्हणलं. मालकाला ठावं असाव."

"बरं, बरं."

पुढचा सोमवार.

"चार दिस झाले, अंडं न्हाई."

"का?"

"जागा नवी वाटायली तिला."

"जागा तर तीच हाय की."

केशरबाई जराशी थांबली. "मालक नवा हाय न," ती म्हणाली आणि चाळणी घेऊन निघून गेली.

डिसेंबरातला सोमवार.

"अप्पा, नऊ."

"काय नऊ?"

"बसवलीय नवावर."

बसवंतराव तिला हाताने खुणावत होते, की हळू बोल. ते पलीकडच्या चहावाल्याने बघितलं. दर सोमवारी एक म्हातारी येते, अडत्याला आकडा सांगते आणि जाते, याचा त्याच्या मते एकच अर्थ होता. त्याने मटक्यात नवावर दोन रुपये लावले. पंजा आला.

जानेवारी.

"सात निघाले." चहावाल्याने सातावर पाच रुपये लावले. तिर्री आली.

पुढचा सोमवार.

"दोन घारीनं नेले. पाच राहिले."

"मग निम्मे?"

"तेच इचारायला आले. अडीच तुमचे आन् अडीच माझे. मधल्याचं काय करायचं?"

बसवंतरावांनी हातातला मूग पोत्यात टाकला. तीस वर्षांत त्यांनी भागीचे अनेक तंटे तोडले होते, अर्ध्या पिलाचा पहिलाच. गिऱ्हाइकं ऐकत होती. ते खाली वाकून म्हणाले, "तू इथं येत जाऊ नको. मी येतो तिकडं. सकाळी फिरायला निघतोच मी."

* * *

ते आधी फाटकाच्या अलीकडे फिरत. आता पलीकडे फिरू लागले.

पहिल्यांदा ते केशरबाईच्या काट्याच्या कुंपणाबाहेर उभे राहिले, हिशेब ऐकला आणि गेले. नंतर त्यांना मधल्या पिलाचा तोडगा सुचला, तो सांगायला ते परत आले: जोडी जुळत नाही ते देवाचं. केशरबाईला हे पटलं. तिने त्या पिलाच्या पायात पांढरा दोरा बांधला. फेब्रुवारीत ते कुंपणाच्या आतल्या दगडावर बसले. मार्चमध्ये ते म्हणाले, की पिल्लांना नुसत्या कोंड्याने काय होतंय, दुकानात फुटकी ज्वारी निघते ती पाठवतो. पाठवली. उन्हाळ्यात मानमोडी पुन्हा आली तेव्हा त्यांनी परभणीला मुगाच्या कामाला जाऊन लसीची बाटली आणली आणि ती थर्मासमध्ये बर्फ घालून, मांडीवर धरून, पॅसेंजरने आले. डब्यात कोणी विचारलं, तर दुधाचं सांगणार होते. कोणी विचारलं नाही.

वस्तीत त्या उन्हाळ्यात बऱ्याच कोंबड्या गेल्या. केशरबाईच्या गेल्या नाहीत. लाल कोंबडी दुसऱ्यांदा बसली, आणि पावसाळ्यापर्यंत एकूण तेरा पिल्लं झाली. सहा मालकाची, सहा केशरबाईची, आणि ते पांढऱ्या दोऱ्याचं देवाचं.

"तेरा," बसवंतराव दगडावर बसून म्हणाले. "एकाची तेरा. माझ्या दुकानात असं कधी झालं न्हाई, केशरबाई."

"कष्ट काय तुमचे, न काय माझे," केशरबाई म्हणाली. "सकाळ रोज हुती, कोंबडी रोज उठती. देणारा देतो."

"आन् ती लस?"

"ती बी त्यानंच आणली. तुमाला गाडीत बसवून."

मोंढ्यात असा हिशेब बसवंतरावांनी कधी ऐकला नव्हता.

* * *

"हे काय?" महादेवीने विचारलं. तिच्या चिमटीत तांबडं पीस होतं, सदऱ्याच्या बाहीवरून काढलेलं.

"पीस."

"कशाचं?"

"पाखराचं."

"कोणत्या पाखराचं?"

बसवंतराव नुकतेच पूजेवरून उठले होते. कपाळावरची विभूती ओली होती. अशा वेळी त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि महादेवीने म्हणूनच ही वेळ निवडली होती.

"कोंबडीचं," ते म्हणाले. आणि मग, सगळं सांगायचंच झालं म्हणून: "सहा हायत. आन् त्यांची आई."

महादेवी दुपारी एकटी फाटकापलीकडे गेली. भांडायचं असलं की ती इरकल नेसे. इरकल नेसली होती. केशरबाई दारात बसून सुपातली तूर निवडत होती.

"केशरबाई कोण?"

"मीच. या, आक्का." केशरबाईने तिला आवाजावरून ओळखलं नाही, पण लुगड्याच्या काठावरून कुठल्या घरची ते ओळखलं. ती उठली आणि कोंबड्यांकडे हात करून म्हणाली, "बरं झालं आलाव. बघून घ्या. त्या तिकडच्या सहा तुमच्या."

"माझ्या म्हणू नको."

"मग कुणाच्या म्हणू? माझ्या न्हाईत."

"तुझ्या म्हण की. खा, वीक, काय बी कर. आमचं नाव काढून टाक त्यातून."

"ते कसं जमंल?" केशरबाई म्हणाली. "राखायला दिलेलं आपलं म्हणलं तर ती चोरी झाली. पाळकसाहेबांनी दोन भागांत सांगितलंय."

महादेवी घरून जे शब्द जुळवून आली होती, त्यांतला एकही इथे बसेना. ती दगडाचा वरचा भाग पदराने झटकून बसली.

"माझी सासूबी हेच बोलायची," ती म्हणाली. "आपलं काय नसतंय, आपण नुसते वाढपी. ताटं निराळी, वाढणारा हात आपला, अन्न शिवाचं. दासोह म्हणायची त्याला."

"मग सासूबाईला कळत होतं."

"तिला कोंबड्या न्हवत्या." महादेवीने कोंबड्यांकडे बघितलं. लाल कोंबडी तिच्या पायाशी येऊन इरकलीच्या काठावर चोच मारून गेली. महादेवीने पाय मागे घेतला नाही, एवढंच. तिची नजर सुपावर गेली. केशरबाई तुरीचा दाणा न् दाणा बोटाने चाचपत होती, आणि निवडून बाजूला काढलेल्यात तूर जास्त होती.

"ते खडे तिकडंच राहिले बाई. चष्मा का लावत न्हाईस?"

"ठिवलाय स्टेशनरोडच्या दुकानात. पिशवीवर नाव घालून ठिवलंय त्यानं."

"मग आण की."

"गेल्या साली आणणारच हुते. न्हाई जमलं." केशरबाईने सूप उचललं. "यंदा बघू."

महादेवीने सूप तिच्या हातातून ओढून घेतलं आणि तूर निवडायला लागली. निवडता निवडता तिने निकाल दिला. कापायच्या नाहीत. विकायच्याही नाहीत, कारण कोंबडीचा पैसा तिच्या घरात येणार नाही. हंगामाच्या सणाला सहाही पिल्लं आणि त्यांची आई देऊन टाकायची. जिथून आलं तिथं गेलं. मालकाचं नाव मिटलं.

"ती लाल बी?" केशरबाईने विचारलं.

"ती बी."

"बरं," केशरबाई म्हणाली. "मालकीण म्हणंल तसं."

"मालकीण म्हणू नको," महादेवी म्हणाली.

* * *

१९८७चा सण. ओसरीवर पत्रे आले होते, जाड, रबराच्या चकत्या लावलेले, आणि चपला त्याखाली ओळीने होत्या. वेदीपुढे डालग्यात आठ कोंबड्या होत्या. पाळकसाहेबांनी यंदाचा संदेश एका भागातच आटपला. पुढचं कोंबड्यांच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसतं.

यंदा खुर्च्या दोन होत्या. महादेवी सोबत आली होती, आणि ती कशासाठी आली आहे हे वस्तीला माहीत होतं: नवऱ्याच्या बोटावर नजर ठेवायला. चहा आला तो भुजंगच्या घरून, सगळ्यांसाठी एकाच परातीत, कपबशांचे चार निरनिराळे रंग. परात खुर्च्यांसमोर आली तेव्हा भुजंगची बायको क्षणभर थांबली. महादेवीने निळा कप उचलला, नवऱ्याच्या हातात दिला, आणि स्वतःसाठी पांढरा घेतला.

पांढऱ्या दोऱ्याची कोंबडी सव्वीसला गेली. मालकाची सहा पिल्लं एकामागोमाग एक गेली, वस्तीतच गेली, भाव चांगला आला. बसवंतरावांनी उजवा हात डाव्या मुठीत धरून ठेवला होता. दर पुकाऱ्याला मुठीतून एक धक्का बाहेर येई आणि महादेवी तिकडे बघे.

"लाल कोंबडी," भुजंग ओरडला. "तेरांची आई. बोला."

"पाच," केशरबाई म्हणाली.

वस्तीने आभाळाकडे बघितलं नाही. वस्तीने बसवंतरावांच्या मुठीकडे बघितलं.

भुजंगने कोंबडी पायाला धरून उचलली, सगळ्यांना दिसावी म्हणून फिरवली, आणि ती फिरत फिरत बसवंतरावांच्या समोर आली, गेल्या वर्षी होती तशीच, उलटी, नाकापासून हातभर. त्यांनी तिच्या पायांकडे बघितलं. आधी डाव्या, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. ते पुढे झुकले. नमुना बघताना ते असेच झुकत.

दोन्ही पायांची सगळी बोटं सरळ होती.

"पाच रुपये एक," भुजंग म्हणाला.

बसवंतरावांनी केशरबाईकडे बघितलं. ती गाण्याच्या पुस्तकाकडे बघत होती. हात लांब करून धरलेलं.

"पाच रुपये दोन."

मुठीतून धक्का आला नाही. महादेवीने वळून बघितलं. डाव्या हाताची मूठ सुटलेली होती, उजवा हात मांडीवर मोकळा पडला होता, आणि त्याचं पहिलं बोट जागचं हललं नव्हतं.

"पाच रुपये तीन," भुजंग म्हणाला आणि पहिल्यांदाच कोंबडी सरळ धरली.

माणसं पांगू लागल्यावर बसवंतराव उठून केशरबाईपाशी गेले. कोंबडी तिच्या काखेत होती.

"हिचं बोट वाकडं होतं, केशरबाई. डाव्या पायाचं. मी बघितलेलं हाय."

"व्हय, हुतं की."

"सरळ कसं झालं?"

केशरबाईने कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"देवाला काय अवघड हाय, अप्पा," ती म्हणाली. "सलाम."

"शरणार्थ," बसवंतराव म्हणाले, आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

घरी जायचा रस्ता फाटकातून सरळ मोंढ्याकडे होता. फाटक ओलांडल्यावर महादेवी म्हणाली, स्टेशनरोडने जाऊ. लांब पडतं, असं बसवंतराव म्हणाले नाहीत.

त्या महिन्यात कॅलेंडरवर पांढरी कोंबडी तीस दिवस भिंतीवर राहिली आणि दुधाचे खाडे तिच्याच पानावर लिहिले गेले.

पहिल्या हर्राशीनंतर चौथ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला मुंगसाने ती वाकड्या बोटाची कोंबडी नेली होती. केशरबाईने पदराची गाठ सोडून शनिवारच्या बाजारातून तशीच लाल कोंबडी बावीस रुपयांना आणली.